हजारकाटी आणि पाचवा ओटा

एखाद्याचं नाव एकदा खराब झालं की झालं. मग तो कितीही सरळ वागो, लोक म्हणणार, "असेल बाबा चांगला, पण आपण जरा लांबच बरं." माणसांचं असंच असतं आणि माशांचंही असंच. किनाऱ्यालगतच्या खडकांत एक मासा मिळायचा. अंग चंदेरी, पाठीवर निळसर झाक, मांस मऊ आणि चवीला असा गोड की खाणारा बोटं चाटत बसेल. आणि लोकांनी नाव काय ठेवावं त्याचं? हजारकाटी! ऐकूनच घशात टोचावं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात ना, तर इथे नेमकं उलटं होतं. वाळा सोन्याचा होता आणि नाव तेवढं कथलाचं.

मासळीबाजाराच्या शेडमध्ये सात ओटे होते. कमरेइतके उंच, वर गुळगुळीत फरशी, प्रत्येकाला स्वतःचा नळ. ओट्यामागे कापणारा उभा, हातात रुंद पात्याचा कोयता. गिऱ्हाइकाने मासा ठेवायचा आणि याने खटाखट आडव्या तुकड्या पाडून द्यायच्या. लोक त्याला 'दादा, जरा पातळ काढा' म्हणून विनवायचे. शेडच्या दुसऱ्या टोकाला मोरी होती. तिथे ओल्या जमिनीवर पाट टाकून आठ बायका खवले काढायला बसायच्या. त्यांच्याकडे कोणी बघत नसे, बघितलं तर पाय पडू नये म्हणून.

त्या आठांतली एक आपली खवलेवाली. अकरा वर्षं ती तिथे बसत होती. पाय दिवसभर पाण्यात, बोटांची सालं निघालेली. तिला ओटा हवा होता. दुसरं काही नको, पण एक ओटा. उभं राहून काम करायचं होतं तिला. हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण सातही ओट्यांवर बाप्येच होते आणि बोलली असती तर हसून हसून त्यांच्या पोटात दुखलं असतं.

मग पाचव्या ओट्याचे काका पाठदुखीला कंटाळले आणि मुलीकडे राहायला निघून गेले. ओटा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी खवलेवाली मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "मला परीक्षा द्यायची आहे."

मुकादमाने आधी मागे वळून बघितलं, कोणी दुसरं उभं आहे का म्हणून. "कसली परीक्षा?"

"ओट्याची."

मुकादमाचा चेहरा आंबला. त्याने तो ओटा मनातल्या मनात कधीच देऊन टाकला होता, आपल्या जावयाला. जावई माणूस गोड होता, मिशा झकास होत्या, पण सुरी अशी धरायचा की बघणाऱ्याने आपली बोटं खिशात घालावीत. तरी मुकादम नाही म्हणू शकत नव्हता. शेडचा नियम होता, जो मागेल त्याला परीक्षा द्यायची.

नियम जुना होता आणि मोठा खोडसाळ होता. मासा मुकादम देणार. उमेदवाराने तो सगळ्यांसमोर कापायचा. चहावाल्याच्या स्टोव्हवर नुसत्या मिठाच्या पाण्यात तो उकडायचा आणि खायला बसवायचं कापणाऱ्याच्याच घरचं माणूस. परकं चालायचं नाही. परक्याच्या घशात काटा अडकला तर माणूस 'अरेरे' म्हणतो आणि चहा प्यायला जातो, घरच्याच्या घशात अडकला की हात जपून चालतो, असं जुन्या लोकांचं म्हणणं. खाणाऱ्याने तोंडात आलेले काटे ताटाच्या कडेला ठेवायचे. ते बर्फवाली मोजणार, कारण तिचं सगळ्यांशीच भांडण होतं, म्हणजे तिच्याइतकं निःपक्षपाती कोणी नाही. तीनपेक्षा जास्त काटे निघाले की नापास. दोघंही पास झाले तर ज्याचे कमी त्याचा ओटा. आणि नापास झालेल्याला पुन्हा परीक्षा नाही. जन्मात नाही.

"घोडामैदान जवळच आहे," मुकादम म्हणाला. "परवा सकाळी ये. घरचं माणूस घेऊन ये. आणि सांभाळून आण हो!"

घरचं माणूस म्हणजे तरी कोण होतं? नवरा मोठ्या बोटीवर स्वयंपाकी. गेला की तीन तीन महिने तिकडेच. राहिले सासरे. वय एकोणऐंशी, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, आणि जीभ मात्र अशी शाबूत की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. उभा जन्म त्यांनी दोर वळण्यात घातला होता. हातांना अजून घट्टे होते.

आणि खरं सांगायचं तर, हजारकाटीचं गुपित याच म्हाताऱ्याने फोडलं होतं.

त्याचं असं झालं. हजारकाटी कोणी विकत घेत नसे. जाळ्यात येते म्हणून यायची, आणि मोरीशेजारी तिची रास पडायची. मोरीवरच्या बायकांनी फुकट न्यावी. खवलेवाली न्यायची. तुकड्या करायची, शिजवायची, आणि मग सासऱ्यांच्या ताटातला एकेक घास चिवडून काटे काढत बसायची. डोळे नसलेल्या माणसाला काट्याचा मासा द्यायचा म्हणजे चेष्टा नव्हे. जेवणापेक्षा निवडणं जास्त. तिच्या नाकी नऊ यायचे. एक दिवस ती इतकी दमली होती की कापायचाही कंटाळा केला आणि छोटी हजारकाटी अख्खीच भांड्यात सोडली.

सासऱ्यांनी ताटात बोटं फिरवली. मांस बाजूला सारलं. चिमटीत काहीतरी धरून हळूच ओढलं, ते निघता निघेना.

"सूनबाई, हे बघ. केवढा लांब आहे."

तिने बघितलं. काटा बोटभर लांब होता. केसासारखा बारीक आणि एकसंध. माशाच्या अंगात उभा, शेपटीकडे तिरका झुकलेला. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. मग तिसरा. रांगेने.

"तुम्ही लोक याला आडवं कापता ना?" सासरे म्हणाले. "मग बरोबर आहे. दोराच्या आडव्या चकत्या केल्या तर हातात काय येणार, नुसता भुसा! एका काट्याचे तुम्ही वीस करता आणि शिव्या माशाला देता. गाढव कोण, मासा की तुम्ही?"

त्या दिवशी खवलेवाली जेवायची विसरली. पुढची कित्येक वर्षं ती घरी रोज एक हजारकाटी उभी कापत गेली. आधी बिघडायची, मग जमायला लागली. काट्यांची ती रांग नेमकी कुठून सुरू होते, किती खोल जाते, कुठून धरून ओढली तर फणीसारखी अख्खी बाहेर येते, सगळं तिच्या बोटांत बसलं. एकदा तिने हे मुकादमाला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, "तू खवले काढ." एवढंच म्हणाला होता.

परीक्षेच्या सकाळी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सहा कापणारे कोयते पुसून हाताची घडी घालून उभे. बर्फवाली बर्फाच्या लादीवर पोतं टाकून अशी बसली होती, जणू न्यायाधीशच. चहावाल्याने दोन स्टोव्ह पेटवले होते.

आधी जावई. मुकादमाने त्याला मासा दिला चपटा, रुंद, मध्ये एक जाड काटा आणि बाकी सगळं मांस. असा मासा झोपेतही कापता येतो. जावयाला घाम फुटला. त्याने तो कसाबसा कापला, उकडला, आणि मुकादमाची मुलगी खायला बसली. बिचारी बापाकडे बघत खात होती. तरी ताटाच्या कडेला एक, दोन, तीन काटे आलेच.

"तीन," बर्फवाली ओरडली. "पास. काठावर."

मुकादमाने सुटकेचा श्वास सोडला आणि मग खवलेवालीकडे वळून हसला. तो मोरीकडे गेला, राशीत हात घातला, आणि एक हजारकाटी उचलून पाचव्या ओट्यावर थाडकन आदळली. चांगली हातभर, मांडीएवढी जाड. एवढी मोठी हजारकाटी तिने घरी कधी नेलीच नव्हती. पिशवीत मावायची नाही.

शेडमध्ये कुजबुज झाली. बर्फवाली ताडकन उठली. "मुकादम, जरा लाज बाळगा! जावयाला पान आणि सुनेला रान?"

"मासा मी देणार असा नियम आहे. कोणता, ते नियमात नाही," मुकादम म्हणाला. "नको असेल तर नको म्हणावं."

खवलेवालीने माशाच्या अंगावरून बोट फिरवलं. कुशीची रांग होती तिथेच होती. पण शेपटीकडे बोट गेलं आणि ती थबकली. इथे काही वेगळंच लागत होतं. काट्यांना फाटे फुटले होते, आणि ते खोल मांसात रुतलेले होते. छोट्या माशात हे कधी लागलं नव्हतं. ओटा गेला तर गेला, पण तिकडे उलट्या खोक्यावर एक आंधळा म्हातारा बसला होता, आणि हे सगळं त्याच्या घशाखाली जाणार होतं.

ती त्यांच्याजवळ गेली. "मामंजी, उठा. घरी जाऊ."

"का? कोणता मासा दिला?"

"हजारकाटी. पण फार मोठी आहे. शेपटीत फाट्याचे काटे आहेत. मला नाही ठाऊक कसे काढायचे. तुमच्या घशात काही झालं तर मी यांना काय तोंड दाखवू?"

"यांना म्हणजे माझ्या पोराला ना? त्याला मी बघतो." म्हातारा खोक्यावर आणखी घट्ट बसला. "मी सकाळपासून उपाशी आहे. इथून न जेवता उठायला मी काय व्याही आहे रुसलेला? जा. आणि डोळ्यांनी शोधू नकोस. दोरातली खोट डोळ्यांना कधी दिसत नाही, बोटालाच लागते. तुझी बोटं माझ्यापेक्षा तयार आहेत. मी काय उगाच म्हणतो का?"

सासऱ्यांनी अकरा वर्षांत तिचं असं उघड कौतुक कधी केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ते पुसायला वेळ नव्हता, म्हणून तसेच ठेवून ती ओट्यावर गेली.

तिने कोयता बाजूला सारला आणि कमरेची बारीक सुरी काढली. कापणारे खुदकन हसले. "पेन्सिलीला टोक करायचं आहे का?" एकजण म्हणाला. तिने मासा उभा चिरला, पाठीच्या कडेने, मधल्या काट्याला सुरी घासत घासत, डोक्यापासून शेपटीपर्यंत. दोन लांब फाका झाल्या. मधला काटा डोक्यासकट अख्खा निघाला. मग फाकेवर बोट ठेवलं, रांग शोधली, तिच्या दोन्ही अंगांनी दोन बारीक चिरा दिल्या, डोक्याकडचं टोक चिमटीत धरलं आणि शेपटीच्या दिशेने सावकाश ओढलं. बारा काटे एका ओळीत, फणीसारखे, मांसाची नुसती रेघ घेऊन बाहेर आले. हसणाऱ्यांपैकी दोघं पुढे सरकले.

दुसरी फाक. पुन्हा बारा.

मग शेपटी आली. तिने सुरी लावताच मुकादम गरजला, "शेपूट टाकायची नाही! सगळं ताटात आलं पाहिजे."

"टाकत नाही," ती म्हणाली.

तिने डोळे मिटले. भर शेडमध्ये, इतक्या लोकांसमोर. बोटाने दाबत गेली, जिथे टोक लागलं तिथे थांबली. काटा सरळ ओढला तर फाटा तुटून आत राहणार, हे तिला पहिल्याच काट्याला कळलं. म्हणून तिने तो आधी थोडा मागे ढकलला, फाटा मिटला, आणि मग ओढला. आला! अख्खा आला. मग दुसरा. मग तिसरा. चहावाल्याच्या भांड्यातलं पाणी आटलं, त्याने पुन्हा घातलं. मागून कोणी म्हणालं, "उद्यापर्यंत होईल का?" बर्फवालीने त्याला गप्प केलं. काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका शेपटीत नऊ, दुसऱ्या शेपटीत नऊ. तिने पुन्हा एकदा दोन्ही फाकांवरून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं, मग उलटं फिरवलं, आणि डोळे उघडले.

मासा उकडला. ताट सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं.

म्हाताऱ्याने पहिला घास घेतला. चघळला. गिळला. दुसरा घेतला. कडेला काही ठेवलं नाही. पोटाकडचा भाग संपला, मधला भाग संपला. मुकादम ताटात जवळजवळ डोकं घालून उभा होता. मग शेपटीचा घास तोंडात गेला आणि म्हातारा थांबला.

जबडा थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. त्याने दोन बोटं तोंडात घातली.

'मेले मी,' खवलेवाली मनात म्हणाली, 'काय बुद्धी झाली मला!' मुकादमाचा चेहरा मात्र दिवाणखान्यात दिवा लागावा तसा उजळला.

म्हाताऱ्याने तोंडातून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. टक्कन आवाज झाला.

बर्फवाली वाकली. तिने ते उचललं, उलटसुलट बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली, "हा तर दात आहे!"

"चार महिने हलत होता मेला," म्हातारा म्हणाला. "बरं झालं सुटला. पुढचं वाढा."

असा हशा पिकला की छपरावरचे कावळे उडाले. मुकादम लालबुंद झाला. "दात म्हणजे हाडच! धरा एक!"

"धरते की," बर्फवाली थंडपणे म्हणाली. "एक तर एक. तुमच्या जावयाचे तीन."

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. पण हार मानेल तो मुकादम कसला! "ही हजारकाटी नव्हतीच. मासा बदलला असणार. हजारकाटीत काटे नाहीत, हे कोणाला सांगता?"

आणि मग खवलेवालीला राग आला. अकरा वर्षं मोरीत बसून जो आला नव्हता, तो सगळा एकदम आला. तिने ओट्यावर बाजूला ठेवलेले काटे फरशीवर ओळीने मांडले. "मोजा."

मुकादम मोजेना. मग सगळ्या शेडनेच मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, शाळेतल्या पाढ्यासारखं. बारा. चोवीस. तेहेतीस. बेचाळीस. बेचाळीसाला आवाज थांबला, कारण ओळच संपली.

"बेचाळीस," ती म्हणाली. "मधला काटा सोडून. देवाने दिले ते एवढेच. उरलेले नऊशे अठ्ठावन्न तुमच्या कोयत्याने केले आहेत, मुकादम."

सहाही कापणारे आपापल्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या बापजाद्यांनी हा मासा आडवा कापला होता, त्यांनी कापला होता, आणि मोरीत फेकला होता. त्यांतला सर्वांत वयस्कर पुढे आला, आणि त्याने एक काटा उचलून उजेडात धरला.

एवढ्यात जावई ताटापाशी आला. म्हाताऱ्याच्या शेजारी उकिडवा बसला, "आजोबा, एक घास घेऊ?" म्हणून विचारलं, आणि शेपटीचाच तुकडा उचलून तोंडात टाकला. चावला. त्याच्या मिशा वर गेल्या. आणखी एक घास घेतला. मग मुकादमाकडे वळून म्हणाला, "मामा, ओटा यांचाच. आणि मी इतके दिवस बोललो नाही, पण मला मुळात ट्रक चालवायचा आहे."

"अहो, मग आधी बोलायचं ना!" मुकादमाची मुलगी ओरडली. "मी उगाच तीन काटे चावले!"

मुकादमापुढे आता काही उरलं नव्हतं. नवीन कापणाऱ्याचं नाव मुकादमानेच पुकारायचं असतं, वजनकाट्याच्या कठड्यावर चढून, तीनदा. तो चढला. पहिल्यांदा घशातून आवाजच निघाला नाही. "मोठ्याने!" बर्फवाली खालून म्हणाली. दुसऱ्यांदा बरा निघाला. तिसऱ्यांदा 'पाचवा ओटा, खवलेवाली!' असं शेडभर घुमलं, आणि मोरीवरच्या सातही बायका पाटावरून उठून अशा काही ओरडल्या की रस्त्यावरचे लोक काय झालं म्हणून आत आले.

आत आलेले परत गेले नाहीत. "मला ती द्या," पहिलं गिऱ्हाईक म्हणालं. "तीच, बेचाळीसवाली." मोरीवरच्या बायकांनी राशीतल्या हजारकाट्या पाटीतून ओट्यावर आणून ओतल्या. खवलेवालीने पदर खोचला, नळ सोडला, आणि उभी कापायला लागली. दोन्ही पाय कोरडे होते. रांग ओट्यापासून चहावाल्यापर्यंत गेली, मग शेडच्या दारापर्यंत, मग दाराबाहेर. सासरे खोक्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "ती माझी सून" असं सांगत होते, विचारो न विचारो.

दुपारी मुकादम ओट्याच्या बाजूने आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, घसा खाकरला.

"एक मला पण काढून दे. घरी पोरीने सांगून ठेवलंय सगळ्यांना. रिकाम्या हाताने गेलो तर आत घेणार नाहीत."

तिने सुरी थांबवली. ओट्यावर पाच मासे उरले होते. समोर बारा माणसं उभी होती.

"देते की," ती म्हणाली. "रांगेत या."

मुकादमाने ओट्यावरचे मासे मोजले, समोरची माणसं मोजली. मग शेडच्या दारापर्यंत गेला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.